मामांच्या विहिरीचा नमुना

३ एप्रिल

चि. बेडकी हिस,

मामाचे आशीर्वाद. हे सवयीने लिहिले गेले आहेत. पत्राच्या शेवटपर्यंत टिकतील याची हमी देत नाही.

आज सकाळी दाढीला गेलो होतो. गालांना साबण फासून एक गाल करून झाल्यावर न्हाव्याने पेपर उघडला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, ‘तळे हिरवे होण्यामागे कोंबड्यांची विष्ठा, शास्त्रज्ञ महिलेचा आरोप.’ शेजारी तुझा फोटो. एक गाल तसाच ठेवून मी उठलो आणि घरी आलो. तुझ्या मामीला पेपर दाखवला, तर ती म्हणाली, फोटो बरा आलाय.

तळ्याभोवतीच्या सगळ्या कोंबडीवाल्यांच्या संघटनेचा मी अध्यक्ष, आणि आमच्यावर चिखलफेक करणारी माझीच सख्खी भाची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? सकाळपासून चार जणांचे फोन आले. चौघांनीही आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते बघ.

लहानपणी सुट्टीत आलीस की ओठ निळे पडेपर्यंत त्या तळ्यात बसून राहायचीस. म्हणून तर तुझं नाव बेडकी पडलं. तुला दंडाला धरून बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा काढलं नसतं तर आज ही वेळ आली नसती, असं मनात येऊन गेलं. लगेच वाईटही वाटलं, पण आलं ते आलं.

तर आता पेपरात एक खुलासा दे. चार ओळी पुरेत. आणि मला फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळतो, आणि हे प्रकरण विरघळण्यातलं नाही. जे काय असेल ते लिहून कळव. आपली अंड्यांची गाडी रोज तुमच्या प्रयोगशाळेवरूनच जाते, ड्रायव्हरकडे दे.

विहिरीच्या पाण्याचा कॅन नेहमीप्रमाणे पाठवला आहे. राग वेगळा आणि तहान वेगळी.

तुझा (अजून तरी)
मामा

ता. क. फोटो कापून ठेवला आहे. केस बांधत जा. — मामी


५ एप्रिल

ती. मामांस,

शि. सा. न. पत्र आणि कॅन दोन्ही मिळाले. कॅन दुपारपर्यंत संपला. पत्र मी अजून पुरवून पुरवून वाचते आहे.

मामा, आरोप मी केलेला नाही. त्या वार्ताहराशी मी पाऊण तास बोलले. त्यातलं ‘बहुधा’, ‘बऱ्याच अंशी’ आणि ‘आणखी अभ्यास व्हायला हवा’ एवढं त्याने गाळलं, आणि गाळून जे उरलं ते न्हाव्याने तुम्हाला वाचून दाखवलं. पण खरं सांगू? उरलं ते खोटं नाही. शेडमधलं खत उघड्यावर पडतं, शेतात हवं त्याच्या कितीतरी पट पसरलं जातं, आणि पाऊस पडला की धुऊन तळ्यात येतं. शेवाळाला तर मेजवानीच. ते खाऊन खाऊन फोफावतं, मग मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू घेऊन जातं. मागे मासे पोट वर करून तरंगत होते ते त्यामुळे. तुमच्या संघटनेने तेव्हा पत्रक काढलं होतं की मासे म्हातारे झाले होते. सगळे? एकाच आठवड्यात?

खुलासा आमच्या साहेबांनाही हवा आहे. ‘शास्त्रज्ञाने पाण्यात पाहावं, पेपरात दिसू नये,’ म्हणाले. ‘माझ्या विधानातून गैरसमज झाला’ असा मजकूर टाइप करून माझ्या टेबलावर ठेवलाय. सही होईपर्यंत माझी बसायची जागा ग्रंथालयात, आणि जाहीर सभांना जायला बंदी. ग्रंथालयात एक पंखा, एक कपाट आणि मी. सही केली नाही तर पुढच्या वर्षी माझं कामच बंद होईल असंही त्यांनी सुचवलं. सुचवताना तुमच्याच कॅनमधलं पाणी पीत होते. ते तर घरी जाताना बाटली भरून नेतात.

माझं ऐकू नका, पण माझा अहवाल वाचा. सोबत पाठवते आहे. तुमच्या विहिरीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. उलट स्वच्छ पाणी कसं असतं हे दाखवायला, तुलनेसाठी म्हणून, दर वर्षी तुमच्याच विहिरीचा नमुना घेते. शेवटच्या तक्त्यात विहिरीचा आकडा भलताच आलाय, तिकडे लक्ष देऊ नका. आमच्या मदतनीस बाईंनी बाटली नीट धुतली नसावी. खाली तशी टीप दिली आहे.

मामीला नमस्कार. केस बांधले होते, वाऱ्याने सुटले.

तुमची
बेडकी


९ एप्रिल

चि. बेडकी हिस,

पोटभर आशीर्वाद! शेवटपर्यंत टिकणारे.

तुझा अहवाल वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अडलं तिथे कोंबड्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनाही अडलं, तिथे आम्ही दोघांनी चहा घेतला आणि पुढे गेलो. आणि काय सांगू, मामा तुझ्यापेक्षा बारकाईने वाचतो हे सिद्ध झालं. शेवटचा तक्ता बघ. नायट्रेट की काय ते. तळ्याचा आकडा आणि आपल्या विहिरीचा आकडा जवळजवळ सारखे! गेल्या वर्षीही सारखे, त्याच्या आदल्या वर्षीही सारखे! आणि तू प्रत्येक वेळी खाली बारीक अक्षरात लिहितेस, ‘बाटली अस्वच्छ असावी, दुर्लक्ष करावे.’ अगं, त्या बाई दर वर्षी न चुकता तीच चूक कशी करतील? त्या बिचारीला उगाच बोल लावलास. आकडा बरोबर आहे!

म्हणजे तुझ्याच मोजमापाप्रमाणे तळं माझ्या विहिरीइतकं स्वच्छ आहे. संपलं की नाही प्रकरण?

काल संघटनेच्या बैठकीत तक्ता मोठा करून भिंतीवर लावला. टाळ्या थांबेनात. येत्या रविवारी तळ्याच्या काठी जाहीर सभा ठेवली आहे. मांडव, माइक, खुर्च्या, सगळं ठरलं. सभेत मी सर्वांसमक्ष तळ्यातलं पाणी ग्लासभर पिऊन दाखवणार. त्या न्हाव्याला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवणार आहे. तुझ्या अहवालाचे जाहीर आभारही मानणार, म्हणजे तुझे साहेब खूश आणि तू ग्रंथालयाच्या बाहेर.

आता गोड बातमी. तुझी मामेबहीण गुरुवारी बाळाला घेऊन येते आहे, चांगली महिनाभर राहणार. नात अजून चार महिन्यांची पण झाली नाही. दूध अंगावरचं पुरत नाही म्हणून बाटलीनेच पाजतात. मी तिला सांगून ठेवलं आहे, दुधाच्या पावडरीला पाणी आपल्या विहिरीचं, दुसरं नाही. वीस मिनिटं खळखळ उकळून. बघ कशी बाळसं धरते ते.

तुझा
मामा

ता. क. हे सध्या आरशासमोर उभं राहून पाणी पिण्याची तालीम करत आहेत. ग्लास कोणत्या हातात धरायचा हे ठरत नाही. — मामी


१० एप्रिल

मामा,

मायना लिहायला वेळ नाही. सकाळी तुम्हाला फोन केला, तुम्ही ‘पत्र लिही’ म्हणून ठेवून दिलात. परत केला, परत तेच. आता ड्रायव्हरकाका खाली गाडी चालू ठेवून उभे आहेत आणि हॉर्न वाजवत आहेत.

तुमचं खरं आहे. आकडा बरोबर आहे. काल तुमचं पत्र वाचलं आणि तशीच उठले. मी स्वतः कॅनमधलं पाणी घेतलं, माझ्या हातांनी धुतलेल्या बाटलीत, आणि तपासलं. मग परत तपासलं. मग शेजारच्या प्रयोगशाळेत दिलं, कोणाचं आहे ते न सांगता. तिन्ही वेळा आकडा एकच. मदतनीस बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘दर वर्षी मी तुम्हाला सांगत होते, तुम्ही म्हणत होता, मामांची विहीर आहे, शक्यच नाही.’

पण मामा, तुम्ही तक्ता उलटा वाचलात. तळं विहिरीइतकं स्वच्छ नाही. विहीर तळ्याइतकी घाण झाली आहे. तुमच्या शेडमागचा खताचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, तिथून खतातलं नायट्रेट जमिनीत मुरतं आणि खाली झिरपतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. आडात आहे म्हणूनच पोहऱ्यात आलं. आणि मी काखेत कळसा घेऊन गावभर घाण पाणी शोधत हिंडत होते.

आता नीट वाचा, बाकीचं सोडलंत तरी चालेल. बाळाच्या दुधात ते पाणी घालू नका. मोठ्यांना एवढं काही होत नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या पोटात ते गेलं तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाळ निळं पडतं. उकळून उपयोग नाही. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तसंच राहतं, म्हणजे जास्तच दाट होतं. वीस मिनिटं उकळणं म्हणजे वीस मिनिटं वाढवणं.

आणि तळ्यातलं पाणी रविवारी पिऊ नका. ते हिरवं शेवाळ विषारी असतं. संघटनेचा अध्यक्ष माइकसमोर ओकारी काढतोय हे दृश्य मला पेपरात बघायचं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?

मामी, हे पत्र तू आधी वाचलंस तर बरं होईल.

बेडकी


११ एप्रिल

माननीय शास्त्रज्ञ बाई यांस,

आपले पत्र पोचले.

तळ्याला नावं ठेवलीत, ऐकून घेतलं. तळं सगळ्यांचं आहे. पण विहीर? ज्या विहिरीचं पाणी पिऊन आपण एवढ्या मोठ्या झालात, की आता आपल्याला पेपरात फोटो यायला लागले, तिला आपण घाण म्हणालात. माझ्या आजोबांनी खणलेली विहीर आहे ती. पाहुणे इथून निघताना पिशवीत कपडे कमी आणि पाण्याच्या बाटल्या जास्त नेतात. आपले साहेब नेतात, हे आपणच लिहिलं आहे.

आमचं वय झालं, आम्हाला रक्तातला प्राणवायू कळत नाही, चव कळते. आज सकाळीच प्यायलो. कधी नव्हे इतकं गोड लागलं. नवा झरा फुटला असावा असं मला वाटतं. आपल्या यंत्रात हे येणार नाही.

सभा ठरल्याप्रमाणे होईल. या वेळी कॅन पाठवत नाही. आपल्याला बाधायला नको.

आपला
संघटनेचा अध्यक्ष

ता. क. बेडकी, तुझं पत्र आधी मीच वाचलं. कालच दुकानातून सीलबंद पाण्याचे मोठे जार आणून न्हाणीमागे ठेवलेत आणि माठ त्यानेच भरते आहे. ह्यांना आज जो नवा झरा फुटला तो तो. बाळाचं दूध मी माझ्या हाताने करणार, तू घोर लावून घेऊ नकोस. पण मी कुठवर जार लपवू? आज ना उद्या माझी पाठ फिरली की हे लाडाने जाऊन विहिरीचं पाणी काढतील आणि उकळायला ठेवतील. ह्यांचं ह्यांनाच पटायला हवं. — मामी


१३ एप्रिल

ती. मामांस,

आपलेपणाने रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. ‘माननीय’ वाचून रडूही येईना. मामा, विहिरीबद्दल ते लिहिणं मला सोपं गेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा तुम्ही मला त्या पाण्याची बाटली पाठवायचात, डोकं थंड राहतं म्हणून. तीन वर्षं आकडा समोर होता आणि मी तो खोटा ठरवत होते, तो कशापायी? तुमच्यावरच्या मायेपायी. इतकी आंधळी माया शास्त्रज्ञाला परवडत नाही.

अहवालातली ती बारीक अक्षरातली टीप मी काढून टाकली. विहिरीचा आकडा आता ठळक आहे. कोणाची विहीर हे लिहिलेलं नाही, ‘तळ्याच्या काठची एक विहीर’ एवढंच. खुलाशावर सही केली नाही. करणारही नाही, मग कपाटातली धूळ आयुष्यभर पुसावी लागली तरी बेहत्तर.

इथली एक गंमत सांगते. नवा अहवाल द्यायला साहेबांकडे गेले. मागच्या कॅनमधून बाटलीत भरून ठेवलेलं पाणी ग्लासात घेऊन ते नेहमीप्रमाणे ‘संयम’, ‘वरिष्ठ’, ‘योग्य वेळ’ असं काहीबाही बोलत होते. मी म्हटलं, ‘साहेब, विहीर म्हणजे मामांची. कॅनमधली.’ हातातला ग्लास तोंडापाशीच थांबला. मग तो त्यांनी दोन बोटांनी अलगद टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवला. ‘मी नातवाला देतो हे,’ म्हणाले. पहिल्यांदाच मला त्यांचा खरा आवाज ऐकू आला. नातू चौथीत आहे, त्याला काही होणार नाही असं मी समजावलं, तरी ते तासभर घरी फोन करत होते. दुपारी शिपाई येऊन माझं टेबल ग्रंथालयातून परत खाली घेऊन गेला. तळ्याभोवतीच्या सगळ्या विहिरी तपासायचा हुकूम निघालाय. सभाबंदी मात्र कायम आहे. ती उठवायची तर आणखी तीन सह्या लागतात.

म्हणजे रविवारी मी नसणार. तुम्ही ग्लास तोंडाला लावाल आणि तुमचा दंड धरायला कोणी नसेल, एवढंच डोक्यात फिरतंय.

तुमचीच
बेडकी


१६ एप्रिल

चि. बेडकी हिस,

आशीर्वाद.

कालच्या सभेबद्दल उलटसुलट ऐकशील, म्हणून खरं काय ते मीच कळवतो. सभा उत्तम झाली. खुर्च्या कमी पडल्या. माझं भाषण पाऊण तास चाललं आणि लोकांनी ते शांतपणे ऐकलं, काही जण तर डोळे मिटून. मग मी ग्लास उचलला. पण ऐन वेळी ग्लासात माशी पडली. आणि माशी पडलेलं पाणी आपल्या घरात कोणी पीत नाही, हे तू जाणतेसच. त्यामुळे मी ग्लास खाली ठेवला. त्यातून लोकांनी जो काय अर्थ काढायचा तो काढला.

बेडकी, हे चहा घ्यायला उठलेत तोवर लिहिते. माशी वगैरे काही नव्हती. ह्यांनी ग्लास वर धरून सगळ्यांना दाखवला. पाणी मेंदीसारखं हिरवं. पहिल्या रांगेतला न्हावी उठून मागे जाऊन बसला. तेवढ्यात मी बाळाला कडेवर घेऊन वर चढले. दुधाची पावडर घातलेली कोरडी बाटली ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘तळं आपल्या विहिरीइतकंच स्वच्छ ना? मग यात घाला आणि आधी नातीला पाजा. तुमच्याच हाताने. मग तुम्ही प्या.’ माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. ह्यांनाही वाटलं मी चेष्टा करते आहे. बाटलीचं झाकण काढलं, ग्लास तिरका केला. बाळ ह्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसत होतं. तिने ह्यांचा चष्मा ओढला. आणि ह्यांचा हात थांबला तो थांबलाच. मग ग्लास तिथेच मातीत ओतला आणि माइकवर म्हणाले, ‘हे पाणी प्यायचं नाही. माझ्या विहिरीचंही नाही. माझी भाची दोन आठवडे सांगते आहे.’ एवढंच. ह्यांचं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. खाली उतरताना माझ्या खांद्याला धरून उतरले. घरी आल्यावर न्हाणीमागचे जारही दाखवले. एकावर टिचकी मारून म्हणाले, ‘तरीच गोड होतं.’ — मामी

वरचा मजकूर चहा घेऊन आल्यावर वाचला. खोडत नाही. माशीचं मात्र मी सोडणार नाही, एखादी असूही शकेल.

अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. द्यायला गेलो तर संघटनेच्या लोकांनी तो आधीच मंजूर करून ठेवला होता. मोठा करून लावलेला तो तक्ता भिंतीवरून काढत होते, मी काढू दिला नाही. डॉक्टर आणि आणखी दोघे मात्र संध्याकाळी मागच्या दाराने आले आणि आपापल्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून गेले. तपासायला पाठव म्हणाले, पण नाव कळता कामा नये. बाटल्या धुऊन घेतल्या आहेत, मी स्वतः बघितलं. शेडमागचा ढीग हलवायला आजपासून माणसं लावली. खाली फरशी आणि वर छप्पर घालायचं ठरवलं आहे. ढीग हलला तरी विहीर किती वर्षांत सुधारेल ते मोजून सांग. खरा आकडा सांग. बारीक अक्षरात काही लिहू नकोस.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटलेली नाही. नव्या अहवालात तू ‘तळ्याच्या काठची एक विहीर’ असं लिहिलंस. हे काय? उद्या लोकांना वाटेल शेजाऱ्याची. त्याची विहीर ती काय आणि तिचं पाणी ते काय! तिथे स्वच्छ ‘मामांची विहीर’ असं लिही. इतकी वर्षं चांगल्यासाठी नाव घेतलंत, आता वाईटासाठीही घ्या.

बाळ बरं आहे. आत्ता माझ्या मांडीवर झोपलं आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय. ओठ गुलाबी आहेत. दर थोड्या वेळाने बघतो.

कॅन पाठवला आहे. या वेळी रिकामा आहे. तिकडचं पाणी भरून पाठव.

तुझाच
मामा